फुलाखालची गाठ

तरवडवाडी, ता. माण
२० ऑगस्ट १९९६

चि. नीलिमा हिला लक्ष्मीबाईचा जयभीम.

हे पत्र मी सोता लिवलंय. कुनाकडून लिवून घेतल्यालं न्हाई. तू हितं हुतीस तवा मला बाराखडीपातूर आनून सोडलं हुतंस. फुडचं समाजमंदिरात साक्षरतेचा वर्ग निघाला त्यात शिकले. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

तुजा पत्ता तुज्या थोरल्या भावाकडून घेतला. दहिवडीच्या बाजारात गाठ पडली. म्हनला, लिवा, पर तिनं उत्तर दिलं न्हाई तर मनाला लावून घेऊ नका.

माज्या महेंद्रची आन् तुजी फारकत होऊन तीन वर्सं झाली. आता मी तुजी कोन म्हनून लिवायचं, ह्या इचारात उन्हाळा गेला. शेवटाला डांगराचं निमित्त गावलं.

मोरीच्या पान्यावर डांगराचा येल लावलाय. छपरावर चढलाय. फुलं लय येत्यात, पिवळीजर्द. सकाळी उमलत्यात, दुपारी मिटत्यात आन् दुसऱ्या दिशी देठासकट खाली. अजून एक बी डांगर धरलं न्हाई. शेजारची भामाबाई म्हनती, येल वांझ हाय, उपटून टाक. मला उपटू वाटंना. घरात दुसरं हिरवं काय न्हाई.

तू शाळंत शास्त्र शिकवतीस. फुलाला फळ का धरत न्हाई तेवढं सांग.

महेंद्र वाशीच्या मार्केटात माथाडीतच हाय. एप्रिलात जयंतीला आला हुता. त्याच्याबद्दल तुला काय लिवत न्हाई.

लक्ष्मीबाई


सांगली
३ सप्टेंबर १९९६

श्रीमती लक्ष्मीबाई यांना जयभीम.

पत्र मिळाले. अक्षर वाकडे नाही. जोडाक्षर लिहिताना अजून पेन्सिल दाबता, एवढेच.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिते. आधी भेंडीचे एक फूल घ्या, सकाळी उमललेले. सगळ्यांत खाली देठ. त्यावर हिरवी बारीक पाने दिसतील. कळी असताना तीच फुलाला झाकून ठेवतात. त्यांना निदले म्हणतात. मग पाकळ्या. त्या रंगाच्या असतात, कारण माशीला लांबून फूल दिसायला हवे. पाकळ्या बाजूला करा. मधे एक दांडी दिसेल, तिला पिवळे बारीक दाणे लगडलेले असतील. ते पुंकेसर, फुलाचा नर भाग. बोट लावले की जी पूड लागते ते पराग. त्याच दांडीच्या टोकाला गडद लाल ठिपके असतील, ती कुक्षी. कुक्षी म्हणजे मादी भागाचे तोंड. त्या तोंडापासून आत एक नळी खाली जाते आणि तळाशी अंडाशय असते. पराग कुक्षीवर पडले तर अंडाशयाची भेंडी होते.

भेंडीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, तसे नाही. त्याच्या एकाच वेलावर काही फुले नर आणि काही मादी असतात. पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाला पाहा. तिथे बोराएवढी हिरवी गाठ असेल तर ते मादीफूल. ती गाठ म्हणजेच अंडाशय. गाठ नसेल, नुसता लांब बारीक देठ असेल, तर नरफूल. सुरुवातीला वेलाला नरफुलेच येतात आणि ती गळणारच. वेल उपटू नका.

वांझ हा शब्द आमच्या पुस्तकात नाही.

नीलिमा


तरवडवाडी
११ सप्टेंबर १९९६

चि. नीलिमा हिस,

तुजं पत्र आलं त्या दिशी मी तीनदा वाचलं. निदले हा शब्द येत नव्हता, तो पोस्टमनला इचारला. त्याला बी आला न्हाई.

सकाळी भेंडीचं फूल चिरून बगितलं. साठ वर्सं भेंडी खाल्ली आन् तिच्या फुलात कवा डोकावले न्हाई. तू लिवलंस तसं समदं हाय. मग डांगराच्या येलाखाली खाट लावून बसले. पयली समदी बिनगाठीची. मी म्हनलं, आता काय खरं न्हाई. मग कौलाच्या वळचनीला एक गावलं, खाली हिरवी गाठ, बारक्या पोराच्या मुठीवानी. लय गोड दिसलं बग. त्याच्या आत बगितलं तर पुडीचा खांब न्हाई. तीन जाड जाड चिकट तुकडं हायत. ती कुक्षी का?

पर ते बी तिसऱ्या दिशी पिवळं पडून गळलं. गाठीसकट. आता सांग.

माश्या म्हनशील तर औंदा माश्या दिसत न्हाईत. पलीकडं कांद्यावर औषध मारत्यात, त्याचा वास हितंपातूर येतो.

तुजं तिकडं कसं चाललंय ते कायच लिवलं न्हाईस. मला इचारायचा हक्क न्हाई हे ठावं हाय. तरी इचारते. हितं सांच्याला भाकरी थापताना आजून हात दोघींच्या मापानंच पीठ घेतो. मग सकाळी शिळी खाते. भामाबाई येती, बसती, पर तिला घरी सुना-नातवंडं हायत. तिचं ध्यान तिकडंच.

त्या शब्दाचं मला कळलं. मी तो भामाबाईचा म्हनून लिवला हुता.

लक्ष्मीबाई


सांगली
२१ सप्टेंबर १९९६

ती. आत्याबाईंना,

तीन वर्षांनी हा शब्द लिहिला. पहिल्या पत्रात हात अडला होता.

हो, ते तीन चिकट तुकडे म्हणजे कुक्षी. चिकट अशासाठी की पराग आला तर धरून ठेवता यावा. पण कुणी आणलाच नाही तर ती काय धरणार? माश्या नसतील तर ते काम तुम्हाला करावे लागेल. सकाळी लवकर, फुले पुरती उमलली की एक नरफूल देठासकट तोडा. त्याच्या पाकळ्या काढून टाका. मधला पुडीचा खांब उघडा पडेल. तो मादीफुलाच्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवा, तिन्ही तुकड्यांवर. घासू नका. आणि ऊन चढायच्या आत करा, नंतर फूल मिटते.

धरले तर चार-सहा दिवसांत गाठ फुगू लागेल आणि देठ जाड होईल. नाही धरले तर गळेल.

माझे बरे चालले आहे. विश्रामबागेत एक खोली घेतली आहे. खाली घरमालक राहतात, चांगली माणसे आहेत. जेवणाचा डबा येतो. शाळा मोठी आहे, सातवी ते दहावीला विज्ञान शिकवते. बाकीच्या बाई पाच वाजता पर्स उचलून घाईने निघतात. कुणाचा मुलगा ट्यूशनहून येणार असतो, कुणाची सासू वाट बघत असते. मला घाई नसते, म्हणून प्रयोगशाळा मीच बंद करते. रविवारी कृष्णेच्या पुलावर जाऊन उभी राहते. पाणी भरपूर आहे इथे. माणच्या माणसाला ते बघूनच बरे वाटते.

दोघींचे पीठ घेत जाऊ नका. शिळ्याने तुम्हाला जळजळ होते.

तुमची
नीलिमा


तरवडवाडी
६ ऑक्टोबर १९९६

चि. नीलिमा हिस लक्ष्मीबाईचा आशीर्वाद.

डांगर धरलं! दोन हायत, एक छपरावर आन् एक खाली हौदाच्या कडंला. खालचं नारळायेवढं झालंय. भामाबाईला दाखवलं. ती म्हनली, काय देवरुषीपना केलास? मी तिला समदं सांगिटलं, पुंकेसर, कुक्षी, अंडाशय. ती तोंडाकडं बगत बसली. मग म्हनली, ह्या वयात असलं बोलू नगंस.

एक इचारायचं राह्यलं. मधी मी अजून चार मादीफुलांना पूड लावली. ती चारी गळली. हात तोच, येळ तीच. नरफुलं मातुर मी मागल्या अंगाच्या एका शेंड्यावरची घेतली हुती. दिसायला धडधाकट, रंग झाक, देठ ताठ. नंतर मी त्याच शेंड्यावरच्या एका फुलाला बोट लावून बगितलं तर बोटाला कायच लागलं न्हाई. खांब हाय, पर पूड न्हाई. असं असतं का? दिसायला फूल चांगलं आन् आत पूडच न्हाई?

आता दुसरं. तुला सांगावं का न्हाई ह्यात चार दिस गेलं. दुसऱ्याकडून कळन्यापरीस माज्याकडून कळलेलं बरं. महेंद्रचं लगीन ठरतंय. पलीकडच्या वाडीचा धोंडिराम हाय, त्याची लेक प्रियंका. बारावी झालीया. महेंद्रचं वय तिच्या मानानं लय हाय, पर धोंडिरामाला तीन पोरी. पोरगी घर बगायला आली हुती. हसरी हाय. येलाकडं बगून म्हनली, मावशी, ह्यातलं नर कुठलं? तिला शाळंत शिकवलंय म्हनं. मी दाखवलं. लगीन पौषाच्या आधी उरकायचं चाललंय.

तुला वाईट वाटंल. मला बी कसंतरीच वाटतंय. तू असताना घर भरल्यालं हुतं. पर त्याला मूल पायजे, त्याचं बी वय चाललं. काय करू सांग.

तुजी
आत्याबाई


सांगली
१५ ऑक्टोबर १९९६

ती. आत्याबाईंना,

पत्र मिळाले. प्रियंका आणि महेंद्र यांना माझ्या शुभेच्छा.

तुमच्या फुलाबद्दल: ऊन फार झाले, किंवा त्या फांदीला पोषण कमी पडले, तर नरफुलात पराग तयार होत नाहीत. बाहेरून काही कळत नाही. फळ धरले नाही की लोक मादीफुलाकडेच बोट दाखवतात, कारण गळताना गाठ त्याचीच दिसते. नरफूल कुणी तपासत नाही.

सहामाहीचे पेपर आले आहेत. पुढे काही दिवस मला पत्र लिहायला जमणार नाही. तुम्हीही लिहू नका. माझ्यामुळे तुमच्या घरात नव्या माणसाच्या पायाला अडथळा नको.

नीलिमा


तरवडवाडी
२८ ऑक्टोबर १९९६

नीलिमा,

लिवू नका म्हनलीस तरी लिवते.

तुजं पत्र मी पयल्यांदा वाचलं तवा वाटलं, लग्नाचं आयकून पोरगी रागावली. दुसऱ्यांदा वाचलं. मग ते फुलाचं चार वळीचं हाय तेवढंच वाचत बसले. चूल इझली तरी कळलं न्हाई.

तुमी दोगं साताऱ्याच्या डाक्टरकडं गेला हुता, आठवतं का? सारखं आठवडाभर जाऊन येऊन. शेवटच्या दिशी परत आला तवा महेंद्र जेवला न्हाई. तू ताट वाढलंस, उचललंस, भांडी घासलीस. मी इचारलं, काय म्हनला डाक्टर? तो तोंड फिरवून भाईर गेला. तू राखुंडीचा हात तसाच धरून म्हनलीस, माज्यातच हाय आत्याबाई. मी पुढं काय इचारलं न्हाई. तुज्याकडं बगवंना म्हनून इचारलं न्हाई.

त्यानंतर महेंद्र गावाला यायचा कमी झाला. आला तरी तुज्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मी म्हनायची, बायकूत दोष हाय म्हनून नाराज असंल. आता मला दुसरंच वाटाय लागलंय.

खरं काय हाय? मी तुजी सासू म्हनून इचारत न्हाई. ती पोरगी एकोनीस वर्सांची हाय. उद्या तिच्या पदरात कायच पडलं न्हाई तर समदा गाव तिच्याकडं बोट करील, आन् मी बी करीन. मला तसं करू देऊ नगंस. काय असंल ते लिव.

लक्ष्मीबाई


सांगली
१३ नोव्हेंबर १९९६

ती. आत्याबाईंना,

दिवाळीच्या सुट्टीत सगळी शाळा रिकामी होती. मी भावाकडे जाणार होते, गेले नाही. तुमचे पत्र समोर ठेवून बसले होते. काय लिहायचे ते ठरवून लिहीत नाही. जसे झाले तसे लिहिते.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या केल्या होत्या. शेवटच्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितले. माझ्यात काही दोष नव्हता. यांच्यात बीजच नव्हते. औषधाने होण्यासारखे नाही, असे ते म्हणाले. समजावून, हळू आवाजात म्हणाले. लहानपणी गालगुंड झाले होते का, असे विचारले. यांना आठवेना. तुम्हाला आठवत असेल.

आम्ही स्टँडवर येऊन बसलो. दहिवडीची गाडी लागली, भरली आणि सुटली, तरी हे उठले नाहीत. दुसऱ्या गाडीची वाट बघताना म्हणाले, “आईला सांगू नकोस. तिनं माझ्याकडं बघून दिवस काढलेत. माझ्यात कमी आहे हे तिला कळता कामा नये.”

मी म्हटले, नाही सांगत.

त्यांनी मला खोटे बोलायला सांगितले नव्हते, आत्याबाई. नुसते सांगू नकोस म्हणाले होते. पण मी भांडी घासत होते तिथे येऊन तुम्ही विचारलेत तेव्हा काहीतरी बोलणे भाग होते. माझ्या तोंडून ते निघून गेले. ते दारात उभे होते, त्यांनी ऐकले. रात्री माझे पाय धरले. मला तेव्हा वाटले, आमच्यासारखे जवळचे नवरा-बायको दुसरे कुणी नसतील.

पुढे तेच अंगावर आले. वाशीहून येताना पहिल्यासारखे बोलणे राहिले नाही. मी त्यांचे गुपित धरून होते, आणि मला बघितले की त्यांना ते आठवायचे. मग हळूहळू ते बाहेर सांगू लागले की बायकोला होत नाही. आधी माझ्यामागे, नंतर माझ्यादेखत. आपल्या दारात भावकीची माणसे बसली होती, आठवते? कुणीतरी म्हणाले, पोराचे दुसरे करा. मी आतून यांच्याकडे बघत होते. यांनी मान खाली घातली नाही, वर केली आणि म्हणाले, “मला बी तसंच वाटतंय.” त्या क्षणी यांचा त्यावर खरोखर विश्वास बसला होता. खोटे बोलणारा माणूस असा दिसत नाही. मी तिथे उभी असताना, आमच्या दोघांचे सत्य फक्त माझ्या एकटीचे उरले. म्हणून मी निघाले. मूल नाही म्हणून मी गेले नाही.

भावालाही मी हे सांगितलेले नाही. इथे वर्गात दरवर्षी फुलाचे भाग शिकवते. पुमंग, जायांग. मुले चित्र काढतात, नावे देतात, मी बरोबरची खूण करते. तुमच्याइतके नीट त्यातले कुणी बघितले नाही.

तुम्ही विचारलेत म्हणून सांगितले. आता काय करायचे ते तुमच्यावर टाकते आहे, हे मला कळते. ते तुमचे मूल आहे. तुम्ही हे पत्र फाडून टाकलेत तरी मी काही म्हणणार नाही.

नीलिमा


सांगली
५ डिसेंबर १९९६

ती. आत्याबाईंना,

पत्राला उत्तर नाही. रोज दुपारी शिपाई टपाल आणतो तेव्हा मी शिक्षकखोलीत थांबते.

तुमची तब्येत बरी आहे एवढे जरी कळवलेत तरी पुरे. लिहायला नको होते असे आता वाटते. मी इतकी वर्षे राखले ते तसेच राहिले असते तर तुमच्या जिवाला घोर लागला नसता.

नीलिमा


तरवडवाडी
१७ डिसेंबर १९९६

चि. नीलिमा हिला अनेक आशीर्वाद.

मी बरी हाय. हात चालत नव्हता म्हनून लिवलं न्हाई.

तुजं पत्र वाचलं आन् पयलं मला ते गालगुंड आठवलं. नववीत हुता महेंद्र. दोनी गाल सुजलं हुतं, ताप उतरंना. मी गरम मिठाची पुरचुंडी लावत बसले हुते. चांगला झाला तवा सगळ्या आळीला गूळ वाटला.

त्याला बोलवून घेतला. लग्नाची तारीख धरायची म्हनून आला. जेवायला वाढलं आन् इचारलं, साताऱ्याचा डाक्टर काय म्हनला हुता? भाकरी मोडता मोडता थांबला. म्हनला, “तिनं सांगिटलं?” त्यातच मला समदं कळलं. मग म्हनला, इतकी वर्सं गप बसली, आताच का बोलली? मी म्हनलं, “आता मी इचारलं म्हनून. तवा मी फुडं काय इचारलं न्हाई.”

रडला. बारका असताना रडायचा तसाच, आवाज न काढता. मी पाठीवर हात ठिवला. पोटचं हाय, नीलिमा. त्याला मी एकटीनं वाढवलाय. त्याला सांगिटलं, तुज्यात काय कमी न्हाई, मूल न्हाई म्हंजे मानूस कमी न्हाई. हे मी तुला कवा म्हनायला पायजे हुतं ते त्याला म्हनले. तो म्हनला, आई, लगीन हुऊ दे, फुडचं फुडं बगू. मी म्हनलं, फुडं काय हुतं ते मी ह्याच घरात बगितलंय. तू जाऊन धोंडिरामाला सांग, पोरगी तरी बी हो म्हनली तर मी सोता हळद लावते. न सांगता लगीन मी हुऊ देनार न्हाई.

तो उठला. हात धुतला. म्हनला, “तू सांगिटलंस तर मी ह्या दारात परत येनार न्हाई.” दुपारच्या गाडीनं गेला. पिशवी बी इसरला.

मी आठ दिस वाट बगितली. तो सांगंल म्हनून. मग एष्टीत बसून धोंडिरामाच्या वाडीला गेले. घरात समद्यांनी पानी दिलं, च्या दिला, मंडपाचं बोलाय लागलं. मी सांगिटलं. धोंडिराम लय बोलला. कसली आई तू, पोटच्या पोराची अब्रू येशीवर टांगतीस, म्हनला. खरं बी असंल त्याचं. निगताना पोरीच्या आईनं माज्या हाताला नुसता हात लावला.

प्रियंका थांब्यापातूर सोडायला आली. गाडी दिसली तवा म्हनली, “मावशी, पयल्या वैनींनी ती वर्सं कशी काढली?”

मी म्हनलं, “एका खोलीत तिच्या शेजारी मी झोपत हुते बाळ. मला कवा कळलं न्हाई.”

लगीन मोडलं. गावात समद्यांस्नी कळलं. भामाबाई येत न्हाई. वर्गातल्या बायका गप हुत्यात मी गेले की. महेंद्रचं पत्र न्हाई.

तुजं नाव आता कुनी घेत न्हाई वाईट म्हनून. तेवढं झालं. तुला त्याचा आता काय उपेग, ते मला ठावं न्हाई.

तुजी
लक्ष्मीबाई


सांगली
२४ डिसेंबर १९९६

ती. आत्याबाईंना,

पत्र शाळेत वाचले. तास होता, पण शिकवले नाही. मुलांना सांगितले, आज आपापले वाचा.

तुम्ही इथे राहायला या असे लिहिणार होते. खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. मग वाटले, तुम्ही येणार नाही. तो कधी आला आणि घराला कुलूप दिसले तर काय, हेच तुमच्या मनात येईल. म्हणून तसे बोलावत नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने मीच येते. नाताळची सुट्टी आहे, चार दिवस राहीन. भावाकडे उतरणार नाही, सरळ तुमच्याकडे येईन. गावात लोक विचारतील, ही आता कोण म्हणून आली? काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. मला काही सुचत नाही.

येताना काय आणू ते कळवायला वेळ नाही. तुम्हाला आवडते ते भडंग आणते.

तुमची
नीलिमा


तरवडवाडी
९ फेब्रुवारी १९९७

चि. नीलिमा हिला आत्याबाईचा आशीर्वाद.

तू गेल्यापासून पत्र लिवायचं म्हनते, पर आधी घरात सवय हुऊ दिली. तू आलीस तवा घर आपल्या मापाचं झालं हुतं. गेलीस आन् परत लय मोटं झालं. पयल्या दिशी तुजी चादर घडी न करता तशीच ठिवली.

भामाबाई आली हुती. दाराशीच उबी राह्यली. म्हनली, परवा कोन गं आली हुती तुज्याकडं? तिला काय ठावं न्हाई असं न्हाई, माज्या तोंडून आयकायचं हुतं. मी शेन कालवत हुते. मला बी पटकन सुचंना. सून म्हनावं तर ती राह्यली न्हाई, लेक म्हनावं तर पोटची न्हाई. मी म्हनलं, “माजी हाय.” फुडं नातं लावायला शब्द गावला न्हाई. ती आत येऊन बसली.

प्रियंकाचं साताऱ्याच्या बाजूला, मेढ्याकडं कुटं ठरलंय म्हनं. चांगलं व्हवो.

महेंद्र आला न्हाई. त्याची पिशवी मी खुटीला अडकवून ठिवलीया. दर आठवड्याला त्याला पत्र टाकते. तू शिकवलेल्या अक्षरातलं. पयल्यांदा लय लिवत हुते, का केलं, कसं केलं. आता लिवत न्हाई. हिरीचं पानी आटलं, शेळी व्याली, भामाबाईच्या नातवाला पोलिओचा डोस पाजला, असलंच लिवते. शेवटाला, येळंवर जेवत जा.

उत्तर येत न्हाई. पर पत्र बी माघारी येत न्हाई. पोस्टमन म्हनतो, मानूस पत्त्यावर नसला तर पत्र माघारी येतं. म्हंजे तो तिथं हाय, आन् घेतोय.

तुजी
आत्याबाई